मोतिया की बदामी

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. गुरम्मा सुपातली तूरडाळ निवडत होत्या. खडा बोटाला लागला की बाजूला. मान सुपावर वाकलेली, पण काम बोटंच करत होती. वर्षभरात डोळ्यांपुढं धुकं दाटलं होतं आणि हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. अंगणातल्या आडाला कठडा नव्हता. अव्वाची, म्हणजे आईची, नजर गेली तर तिला नांदेडला, धाकट्या शिवलिंगकडे ठेवायचं, असं दोघा लेकांनी दिवाळीतच बोलून ठेवलं होतं. लातूरच्या या घरात त्या पावलांच्या सवयीनं फिरत. नांदेडच्या घरात त्यांना चुलीपर्यंतही जाता आलं नसतं.

"अव्वा, रंग बघ जरा," थोरल्या पंचाक्षरीनं हाक मारली.

जिल्हा नवा झाल्यापासून कचेरीतले लोक खोल्या शोधत फिरत होते. पुढची खोली भाड्यानं द्यायची होती. रंगारी व्यंकटनं काल संध्याकाळी भिंतीवर दोन पट्टे मारून ठेवले होते, डावीकडं मोतिया, उजवीकडं बदामी. पसंत पडेल त्यावर घरातल्या थोरल्या बाईनं विभूतीच्या तीन रेघा ओढायच्या, मगच ब्रश लावायचा, अशी घरची रीत.

गुरम्मांना भिंत दिसली. पट्टे दिसले नाहीत.

"पाणी कशाला कमी लागतं रे?" त्यांनी विचारलं. पावसानं दगा दिलेला, टँकर दिवसाआड. प्रश्न रास्त होता.

"मोतियाला, अव्वा," व्यंकट म्हणाला. "एका हातात भागतं. बदामीला दोन हात."

"मग मला काय विचारायलास, पंचाक्षरी? मोतिया! का घागरी घेऊन टँकरपुढं तू उभा राहणार हायस?"

व्यंकट हसला. पंचाक्षरी हसला नाही. अव्वानं परवा चहात मीठ टाकलं होतं.

"लाव मग विभूती."

"व्यंकट, विभूतीचं ताट धर तिथं."

मोतिया झाकला जाऊ नये म्हणून व्यंकट उजवीकडं सरकून उभा राहिला. ताट वाजलं. गुरम्मा त्या आवाजाच्या रोखानं गेल्या, बोटं बुडवली आणि ताटाच्या नेमक्या वर तीन रेघा ओढल्या.

व्यंकटनं ताट झटकन मागं घेतलं. त्यावरून त्यांना कळलं.

"ती बदामी हाय, अव्वा."

"मन बदललं माझं."

"बरं. मोतिया कुठला, दाखव."

गुरम्मांचा हात वर झाला नाही.

लावलेली विभूती पुसत नाहीत. "बदामीच मार," पंचाक्षरी व्यंकटला म्हणाला. "दोन हात." मग आत जाऊन त्यानं अव्वाची लुगडी पिशवीत भरायला घेतली.

उद्या टँकर सहाला येतो. नांदेडची एसटी साडेसातला सुटते.