बांधावर न लावलेली झाडं

माझ्या चुलत दिरानं माझी बावीस झाडं जाळली. हे मी कुणापुढंही सांगते, त्याच्या तोंडावरसुद्धा.

आमच्या दोघांच्या रानांत एकच बांध. वरच्या अंगाला माझी तूर-कपाशी, खाली उगवतीला त्याची मोसंबी. बांधावर मी कडुलिंब, शेवगा, सीताफळ लावलं होतं आणि दोन उन्हाळे डोक्यावर कळशी वाहून जगवलं होतं. नवरा हसायचा, "बांधावर कुठं बाग फुलते का?" फुलली की! पाला बकऱ्यांना, शेंगा कुंभार पिंपळगावच्या बाजाराला, आणि मुळ्यांनी बांध असा धरला की पावसात माझी मूठभर माती खाली जाईना. झाडांवरची पाखरं तुरीवरच्या अळ्या टिपायची, त्यामुळं फवारासुद्धा कमी लागायचा.

दिराच्या डोळ्यांत मात्र त्या झाडांची सावली खुपायची. सावलीत पीक दबतं, त्याला आमच्याकडं वसवा म्हणतात. हा बाबा रोज दुपार कलली की सावलीच्या टोकाला पऱ्हाटीची, म्हणजे वाळल्या कपाशीची, काडी रोवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, "बघा, माझं किती रान खाऊन राह्यली ही झाडं!"

एका उन्हाळ्यात आम्ही लग्नाला गेल्तो. परत आलो तर बांध काळा. हा म्हणतो, "वहिनी, गवत पेटवलं अन् वारा सुटला, आग हाताबाहेर गेली." अन् प्रत्येक बुंध्याशी अर्धवट जळालेल्या पऱ्हाट्यांचा ढीग! मी विचारलं, "ह्या काय पायानं चालत आल्या?" शेवग्याच्या बुंध्याला हात लावला तर तो अजून गरम होता. मी रडले न्हाई. मनात म्हणलं, थांब मेल्या.

पाऊस पडल्यावर अंबडहून नवी रोपं आणली आणि सगळी माझ्या रानाच्या पार मावळतीच्या टोकाला, तुरीच्या ओळींमधून लावली. बांध मुद्दाम उघडा ठेवला. त्याला कळलं नव्हतं ते मला बराबर कळलं होतं. मावळतीच्या झळा त्याच्या बागेत शिरत नव्हत्या, त्या माझ्या झाडांमुळं.

पुढच्याच उन्हाळ्यात त्या थेट शिरल्या. लिंबाएवढी झालेली मोसंबी पटापट गळाली. मी बांधावर उभी राहून बघत होते. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

यंदा तो दारात आला. "वहिनी, रोपं मी आणतो, खड्डे मी खणतो, पाणीबी मीच घालतो. बांधावर परत झाडं लावू द्या." मी त्याला चहा दिला. मंग म्हणाले, "न्हाई बाई, भावजी. वसवा पडंल की!"

कप तसाच ठेवून गेला.

पण मुळ्या गेल्यापासून तो बांधही दरसाल फुटतो. परवाच्या पावसात माझी काळी माती उताराला लागली आणि जाऊन थांबली कुठं, तर त्याच्याच मोसंबीच्या आळ्यांत. माझ्या मातीवर त्याची बाग पोसते. नवरा म्हणतो, "झालं गेलं सोड, लाव झाडं. आपलंच रान चाललंय." कळत न्हाई का मला? सगळं कळतं. काल खड्डे खणायला टिकाव घेऊन बांधावर गेलेही होते. त्या काळ्या बुंध्यांपाशी बराच वेळ उभी राहिले. टिकाव काही खांद्यावरून उतरला न्हाई.