भामरे सरांचं लाल चित्र

आमच्या पेपरच्या नंदुरबार ऑफिसात जे छापता येत नाही, ते चहाबरोबर साचत जातं. एरवी त्यातलं निम्मं पुढाऱ्यांचं असतं. पण भामरे सरांच्या एका चित्राने जेवढे किस्से दिले, तेवढे आख्ख्या निवडणुकीनेही दिले नाहीत!

सर शाळेत चित्रकला शिकवायचे. मूळचे शहाद्याकडच्या कळसाडीचे, पण उभी हयात नंदुरबारात गेलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी भिंतभर चित्र काढून इथल्या एका मंडळाच्या सभागृहाला भेट द्यायचं ठरवलं. लालावर लाल, मध्ये काळपट पट्टे, कोपऱ्यात धुरकट पांढरं. माणूस नाही, झाड नाही, नाव नाही. आपल्या गावात आपलं एक चित्र राहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

*

बातमी माझ्या गळ्यात पडली. मी क्राइम आणि पंचायत समिती करणारा माणूस! सरांचं घर मिरचीच्या पथाऱ्यांपलीकडे. उघड्या रानात लांबच लांब मिरची वाळत पडलेली. हंगामात तिथून जाताना नंदुरबारच्या माणसाचा हात आपोआप खिशात जातो आणि नाकावर रुमाल येतो. तसाच मीही पोचलो. चित्र अंगणात टेकवून ठेवलेलं.

"सर, हे काय आहे?"

"थंडीत गोधडी पांघरतोस ना?"

"हो."

"तिच्यात काय काढलंय, असं आईला कधी विचारलंस?"

मी चिडलो. डेस्कला हेडिंग हवं होतं, गोधडी नको होती! पण सरांनी खुर्ची पुढे केली. "चहा येईपर्यंत नुसतं बघ. नाव शोधू नकोस."

चहा उशिरा आला. तोवर ते काळपट पट्टे जरा हलायला लागले होते. हे मी डेस्कला कळवलं नाही.

*

उद्घाटनाला मोठे नेते आले. आमच्याकडे प्रदर्शनाच्या फोटोत पाहुण्याने वस्तूकडे बोट दाखवायचं, ही रीतच आहे. फोटोग्राफर किशोर ओरडला, "भाऊ, बोट दावा!"

नेत्यांचं बोट वर गेलं, खाली आलं, डावीकडे सरकलं.

"कोठे दावू रे भो?"

"कोठे बी दावा भाऊ, समदं सारखंच शे!"

शेवटी नेत्यांनी बोट सरांकडेच दाखवलं. फोटो तोच छापून आला. सर त्यात आरोपी दिसत होते.

*

चित्राचाही रंगीत फोटो छापला होता. सकाळीच शहाद्याहून आमच्या एजंटचा फोन.

"साहेब, गठ्ठा परत धाडू का? पहिला पानवर शाई सांडेल शे."

"अरे, ते चित्र आहे!"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज.

"हां. समदा अंकमा एकाच जागी सांडेल शे. म्हंजे मुद्दामच शे!"

अमूर्त चित्रावर याहून नेमकं मी अजून कुठे वाचलेलं नाही.

*

आमचा धडगावचा वार्ताहर जयसिंग. काठी गावच्या होळीत तो स्वतः अंगभर पांढरे ठिपके काढून नाचत होता. शहरातून आलेल्या एका बाईंनी त्याला अडवलं. "दादा, या ठिपक्यांचा अर्थ काय?"

"मॅडम, अर्थ सांगत थांबलो तर ढोल पुढे निघून जाईल!" आणि हा पळाला.

सरांना सांगितलं, तर हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आयुष्यभर फळ्यापुढे जे बडबडलो, ते याने पळता पळता सांगून टाकलं!"

*

मग मंडळाचे अध्यक्ष आप्पा यांनी जाहीर केलं, चित्र उतरवणार आणि तिथे धबधब्याचा फ्लेक्स लावणार. सर एवढंच म्हणाले, "घरात एवढी भिंत नाही रे." माझं डोकं फिरलं. मी हेडिंग दिलं, 'धबधबा टांगा, डोळे मिटा!'

आप्पांचा फोन आला. "तुले तरी समजस का, त्यामा काय शे?"

"मी शिकतोय, आप्पा. तुम्ही मात्र न बघताच पास झालात!"

फोन कट.

*

उतरवायच्या दिवशी जून लागला होता. पथाऱ्या कधीच झाडून रिकाम्या झाल्या होत्या. सभागृहात वास होता तो फक्त नव्या पडद्यांचा. शिडी लावलेली, वर पान्हा घेऊन एक माणूस. सर दाराशी उभे, आत यायला तयार नव्हते.

"आप्पा, एकदा जवळून बघा, मग उतरवा," मी म्हणालो. "बघितलं नाही, तर तेही छापीन!"

"बघस ना. माले काय भ्याव शे?"

आप्पा तावातावाने चित्रासमोर जाऊन उभे राहिले. हात मागे बांधून वरपासून खालपर्यंत बघू लागले. वरचा माणूस पान्हा लावून हुकमाची वाट बघत होता.

मग आप्पांचा उजवा हात खिशात गेला. रुमाल निघाला, नाकावर आला. दुसरा हात चित्राकडे करून ते रुमालाआडूनच माझ्यावर खेकसले,

"सांग ना आते! काय शे यामा?"