नसलेल्या माडांचा नकाशा

दिवेआगरच्या वाड्यांतील घरांना क्रमांक आहेत. परंतु जुनी माणसे पत्ता सांगतात तो झाडांच्या खुणेने. २०२० च्या वादळात त्यांतली बरीच झाडे पडली. पत्ते मात्र सांगणाऱ्यांच्या मनात उभेच राहिले.

डाकसेविका केसर भुवड येथे रुजू झाली ती वादळानंतर दोन वर्षांनी, डोंगराकडच्या भातशेतीच्या गावातून. वय तेवीस. पडलेल्यांपैकी एकही झाड तिने पाहिलेले नव्हते.

गेल्या माघात नेत्ररुग्णालयाचे एक पाकीट आले : ‘वेणूबाई, जोडमाडामागे, दिवेआगर.’ गावात वेणूबाई चार. बोर्लीच्या शिबिरात तपासलेल्यांना शस्त्रक्रियेची तारीख टपालाने कळणार होती. ती चुकली की वर्षभर थांबणे आले. नियमानुसार पत्र शेरा मारून परत पाठवता आले असते. टपाल वाटून झाल्यावर केसर माझ्या अंगणात आली.

“गुरुजी, जोडमाड कुठं होता?”

मी ठामपणे उत्तरेकडे बोट दाखवले. शेजारच्या जैबुन्निसा कुंपणापलीकडून हसल्या. “गुरुजी, तो तर पिराचा माड! तुमचा जोडमाड म्हणजे आमच्या सासू-सून. वारा सुटला की एकमेकींवर आपटायच्या. विहिरीच्या दक्षिणेला बघ, बेटी.”

केसरने एका कोऱ्या कागदावर विहीर काढली, तिच्या दक्षिणेला दोन माड काढले. मग आम्ही एकेक पडलेले झाड सांगत गेलो आणि ती काढत गेली. कागदावर सावली दाटत गेली. उघड्या, लख्ख वाळूतून ती निघाली तेव्हा मधूनच बाजूला सरकत होती. जणू नसलेल्या खोडांना वळसा घालत होती. मीही नकळत तिच्यामागून तसाच चाललो.

ओसरीवरच्या वेणूबाईंनी विचारले, “कोण गो?”

“पोस्टातली केसर. आजी, तारीख आलीय. परवा, सकाळी नऊ.”

“आता कशाला? वादळानंतर मला उजेड जास्त दिसतो. डोळे सुधारलेत माझे.”

“आजी, झाडं पडली म्हणून उजेड वाढला.”

वेणूबाईंनी आभाळाकडे तोंड वर केले. मग हळूच म्हणाल्या, “मग मला नेणार कोण?”

परतताना मी म्हणालो, “हे तुझे काम नव्हते.”

“नव्हतंच. पण ‘असा पत्ता नाही’ असं लिहावं लागलं असतं, गुरुजी. पत्ता होता की.”

संध्याकाळी तिने परवाच्या रजेचा अर्ज शुद्धलेखन तपासण्यासाठी माझ्याकडे आणला. कारणाच्या रकान्यात लिहिले होते : ‘घरगुती’. मी लेखणी उघडली, क्षणभर धरली आणि अर्ज तसाच परत दिला.