शेकून आणलेला हात

कासार आंबोलीच्या फाट्यावरून आत वळलं की पुण्याच्या कुणा हौशी माणसाचा बंगला लागतो. मालकाची हौस दोन वर्षांत फिटली आणि बंगला आमच्या केंद्राला भाड्याने मिळाला. मालकाने हॉलमध्ये ग्रॅनाइटचा बार बांधून घेतला होता. त्या बारवर आता मेण वितळवायचं भांडं असतं आणि पेशंट उंच स्टुलांवर बसून त्या मेणात आखडलेले हात बुडवतात. मी दाराशेजारच्या खिडकीत बसून केसपेपर काढतो. जगात यापेक्षा कमी हालचालीचं काम नाही, तेही फिजिओथेरपीच्या केंद्रात.

कोंडीराम पहिल्यांदा आला तेव्हा उजवा हात डाव्या हातात धरून आला होता, शेजारणीने मूल घटकाभर सांभाळायला दिल्यासारखा. घोटावड्याच्या बाजूला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राखाली पत्रा दाबायच्या कारखान्यात, तो कंत्राटावर कामाला होता. एके दिवशी प्रेस वेळेआधी खाली आला. पहिल्या बोटाचं टोक गेलं आणि बाकीच्या बोटांच्या आतल्या दोऱ्या, डॉक्टर ज्यांना कंडरा म्हणतात त्या, तुटल्या. पुण्यात ऑपरेशन होऊन त्या जोडल्या गेल्या. बोटं जागेवर आली, पण वळेनात. कंपनीतला सुपरवायझर मात्र भला निघाला. म्हणाला, "मूठ वळली की ये. हा पाना धरून दाखव, जागा तुझीच." आणि खरंच एक पाना देऊन टाकला. कोंडीराम तो कापडी पिशवीत घेऊन हिंडायचा.

"किती दिसात वळंल?" त्याने पहिल्याच दिवशी मला विचारलं.

"काका, मी कारकून आहे."

"म्हनून तर इचारतोय. डाक्टर कुटं खरं सांगत्यात?"

आता आमच्या केंद्राचं सांगायला हवं, कारण कोंडीरामची गोष्ट आणि केंद्राची गोष्ट एकच आहे. शहरातले फिजिओथेरपिस्ट चांदणी चौकाच्या अलीकडे यायला तयार नसतात. म्हणून मुळशी, मावळ आणि वेल्हे या तीन तालुक्यांनी मिळून ठरवलं की आपली माणसं आपणच घडवायची. बारावी झालेली इथलीच पोरंपोरी घ्यायची, दोन वर्षं शिकवायचं आणि इथेच कामाला लावायचं. शिकवायला तिघांत मिळून एकच माणूस, कौस्तुभ सर. तिघांनी कामही वाटून घेतलं. आखडलेले सांधे मोकळे करायला मुळशीत, म्हणजे आमच्याकडे, शिकायचं. ताकद वाढवायची यंत्रं मावळात, म्हणून ताकद मावळात. माणसाला परत कामावर उभं करायचं ते वेल्ह्यात. पोरांची तुकडी काही महिने इथे, काही तिथे, अशी फिरत राहणार. उद्घाटनाच्या दिवशी ही योजना ऐकून पाहुण्यांनी दोनदा टाळ्या वाजवल्या. पोरं फिरणार होती. हात कोण फिरवणार, एवढं विचारायचं तेवढं राहून गेलं.

त्यामुळे कोंडीरामचा हात कायमचा पहिलीत बसला. एक तुकडी यायची, हात मेणात बुडवायची, बोटं हळूहळू वाकवायची, प्लास्टिकच्या कोनमापकाने बोट किती वळतं ते मोजायची. बोटांत जरा जीव येतोय असं वाटायला लागलं की तुकडी मावळात. मग नवी तुकडी, पुन्हा मेण. कोंडीराम एकदा ताकद शोधत मावळच्या केंद्रावरही जाऊन आला, तीन गाड्या बदलून. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "मिळाली का ताकद?"

"थेरी होती म्हनं. पोरं फळ्याफुडं बसल्याली. येक सापळा हुता, त्याच्याशी गप्पा मारून आलो. त्याचा बी हात वळत न्हाई."

माणूस असा होता. पोरं त्याला काका म्हणायची आणि तो त्यांना डाक्टर म्हणायचा, मिसरूड न फुटलेल्यालासुद्धा. बायको चंद्रकला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. घर तिच्यावर चाललं होतं. "म्या बसून खातोय," तो म्हणायचा, "आन त्ये बी डाव्या हातानं."

दुसऱ्या तुकडीत सृष्टी नावाची मुलगी होती. सत्र संपताना कौस्तुभ सरांनी सगळ्यांचे पेशंट तपासले. कोंडीरामच्या बोटांत तिळाचा फरक नव्हता. सर सगळ्यांसमोर बोलले, "इतके दिवस नुसता हात धरून बसली होतीस का?" पोरगी बारच्या मागे जाऊन रडली. तिचं सत्र वाया गेलं. कोंडीराम बराच वेळ स्टुलावर बसून स्वतःच्या हाताकडे बघत होता, त्यानेच काही चोरी केल्यासारखा.

त्यानंतर मात्र या हाताने कुठल्याच तुकडीला निराश केलं नाही. पहिल्या दिवशी मोजलं की बोटं ताठ. शेवटच्या दिवशी मोजलं की चांगली वळलेली. पोरांत बातमी पसरली की काका मिळाले म्हणजे पास. पेशंट वाटून देताना कोंडीरामसाठी भांडणं व्हायची. पुण्याहून पाहुणे आले की कौस्तुभ सर त्यालाच पुढे करायचे. फक्त शेवटच्या दिवशी तो हात टॉवेलात गुंडाळून आणायचा. मी म्हटलं, "काका, नवरदेव आहे का तो?" तर म्हणाला, "थंडी वाजतीया त्याला." आणि हसला.

सुपरवायझरला मात्र पाना धरून दाखवायचा दिवस उगवत नव्हता. तो दर दोन-तीन महिन्यांनी निरोप पाठवायचा. कोंडीराम निरोप आणणाऱ्याला सांगायचा, "झालंच म्हनून सांग."

याच काळात त्याची मुलगी धम्मदीपा बारावी झाली. बापाच्या हातामागून केंद्रात येऊन येऊन तिलाही हाच कोर्स करावासा वाटला. तिची तुकडी आधी मावळात गेली, मग वेल्ह्यात. तिथे वसतिगृहात राहायची, सणासुदीला घरी. म्हणजे पोरीने ताकद शिकून घेतली, माणूस कामावर कसा उभा करायचा तेही शिकून घेतलं आणि सगळ्यात शेवटी, परीक्षेच्या सत्राला, मुळशीत आली. त्या दिवशी कोंडीराम इस्त्रीचा शर्ट घालून आला. बटणं चंद्रकलेने लावलेली.

"खिडकीसाहेब," तो मला म्हणाला, "आता बघा. आता घरचा डाक्टर आला. दोन म्हैन्यात पाना धरतो का न्हाई."

कौस्तुभ सरांनी प्रेमानेच केलं. पोरगी घाबरू नये म्हणून परीक्षेला तिला तिच्या बापाचाच हात दिला. पहिल्या दिवशी तिने मोजला, तेव्हा तिचा चेहरा जरा उतरला होता. पण ती सत्रभर राबली. केंद्रात राबली, घरी राबली. चंद्रकला सांगायची की पोरगी जेवतानासुद्धा बापाची बोटं दाबत बसते.

परीक्षेला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. धम्मदीपाची पाळी आली. कोंडीराम स्टुलावर बसला, टॉवेल सोडला आणि हात पुढे केला. तिने तो हातात घेतला आणि तशीच थांबली. मग त्याचा डावा हात चाचपून पाहिला. मग पुन्हा उजवा.

"पप्पा, तुम्ही कुठून आलात?"

"घरनं."

"आणि हात कुठून आला?"

कोंडीरामने टॉवेल मांडीवर ओढला. फाट्यावर गेणबाचं चहाचं दुकान आहे. तिथे बसून पातेलंभर कढत पाण्यात हात बुडवायचा, लाल झाला, बोटं घटकाभर सैल पडली की टॉवेलात गुंडाळून तडक केंद्रात. सृष्टी रडल्यापासून प्रत्येक तुकडीच्या शेवटच्या दिवशी हेच. पहिल्या दिवशी थंड हात, शेवटच्या दिवशी शेकलेला.

"मोज लौकर," तो कुजबुजला, पण बंगला मोकळा, सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "निवायच्या आत मोज."

धम्मदीपाने कोनमापक खाली ठेवलं. "मॅडम, हा हात शेकून आणलाय. निवला की मोजते."

मॅडमनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि खुर्ची ओढून बसल्या. धम्मदीपाने तो हात बारच्या गार ग्रॅनाइटवर ठेवला आणि पंखा सोडला. मग आम्ही सगळे एक हात निवण्याची वाट बघत उभे राहिलो.

"बारमदी आनून माणसाला कोरडा बशिवला," कोंडीराम म्हणाला. एक पोरगा हसला आणि त्याने लगेच मान खाली घातली.

"मूठ वळा," शेवटी धम्मदीपा म्हणाली.

त्याने जोर लावला. कपाळाच्या शिरा फुगल्या. बोटं वाकली ती लांबच्या माणसाला 'ये' म्हणावं इतपत. तिने मोजलं, पुन्हा मोजलं.

मॅडमनी विचारलं, "काय झालंय?"

"जोडलेल्या कंडरा जखमेच्या वणाला चिकटल्यात. सांधे धरलेत. सुरुवातीलाच परत सर्जनकडे पाठवायला हवं होतं."

"मग का नाही पाठवलं?"

"ज्याला फरक पडत नाही त्यालाच पाठवतात, मॅडम. यांना प्रत्येक तुकडीत फरक पडत होता."

कौस्तुभ सर भिंतीला टेकून उभे होते. "मला वाटायचं," ते हळूच म्हणाले, "दोन तुकड्यांच्या मधल्या सुट्टीत हे घरी व्यायाम करत नाहीत, म्हणून दरवेळी मागे जातात."

"आणि आता?" मॅडमनी धम्मदीपालाच विचारलं. परीक्षा तिची होती.

तिने बापाकडे पाहिलं.

"सांग की," कोंडीराम म्हणाला. "मार्क हायेत त्येला."

"आता वळणार नाही, मॅडम."

कोंडीरामने टॉवेल उचलला, हात पुसल्यासारखं केलं, जरी तो केव्हाचा कोरडा झाला होता. मग मॅडमना म्हणाला, "बराबर सांगितलं ना तिनं?"

मॅडमनी मान डोलावली. धम्मदीपा पास झाली, तुकडीत पहिली आली.

पुण्याच्या सर्जननी वेगळं काही सांगितलं नाही. फार उशीर झालाय म्हणाले. तिथून येताना कोंडीराम माझ्या खिडकीशी थांबला, पिशवीतून पाना काढला आणि माझ्या केसपेपरांवर ठेवला. "ऱ्हाऊ दे हितं. पंख्यानं उडत्यात तुजं कागद."

मला राहवलं नाही. "काका, कशाला केलंत हे?"

"ती पोरगी रडली हुती नव्हं." त्याने रिकामी पिशवी खांद्याला अडकवली. "आन फुडं मला वाटायचं, माजी धम्मा बी तितं मावळात कुनाच्या तरी हातावर शिकत आसंल. तो माणूस बी तिला संबाळून घेत आसंल. आपला हात काय, आज ना उद्या वळंलच. लोकाच्या लेकरांचं वरीस कशापायी घालवायचं?"

केसपेपरवर अशा कारणाला रकाना नाही.

कंपनीतली ती जागा बिहारहून आलेल्या एका पोराला मिळाली. त्याची सगळी बोटं अजून जागेवर आहेत. धम्मदीपाला महाळुंग्याला एका नव्या टॉवरखालच्या क्लिनिकमध्ये नोकरी लागली. दिवसभर कॉम्प्युटरवाल्यांच्या माना सोडवते. महाळुंगे कागदोपत्री मुळशीतच, तेव्हा शिकलेलं माणूस तालुक्यातच राहिलं, म्हणून आमच्या वार्षिक अहवालात तिचा फोटो पहिल्या पानावर आहे. ती मात्र केंद्रात पाऊल टाकत नाही. मोजमाप घेण्याआधी हात शेकलेला नाही ना ते पाहायचं, असा नियम आता आला आहे. रुग्णाला एका तालुक्यातून दुसऱ्यात नेण्यासाठी गाडी ठेवायचंही ठरलं आहे. गाडी अजून आलेली नाही.

कोंडीराम अजून येतो. नव्या पोरांना पूर्ण धरलेला हात कसा लागतो ते कळावं म्हणून सरच बोलावतात. तो हात पुढे करतो, पोरं चाचपतात. "गार हाय," तो स्वतःच सांगतो, "बघा, अगदी गार."

परवा चंद्रकला त्याच्यासोबत आली होती. तो आत गेल्यावर खिडकीशी टेकून म्हणाली, "तुमी तरी सांगा त्यास्नी. रातीला बोटं लई ठणकत्यात. गरम पान्यात घातली तर तेवढंच बरं वाटंल. पर आंगुळीला बसलं तरी उजवा हात बादलीच्या भाईर धरत्यात."

"का?"

"म्हनत्यात, पोरगी बघंल."

"पोरगी तर महाळुंग्याला राहते."

"व्हय," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसून त्याची पिशवी काखेत मारली. आत कोंडीराम कुणाला तरी सांगत होता, "दाब की जोरात, डाक्टर. भिऊ नगंस, मला काय बी होत न्हाई."