दाजींच्या गिटारचा ट्रेबल

दाजी तिसऱ्यांदा तो डबा घेऊन सांगलीला आले तेव्हा मला खरंच वैताग आला होता. एसटीनं साताऱ्याहून यायचं, माझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात बाकावर बसायचं आणि डबा मांडीवर घेऊन सुस्कारा सोडायचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पलटणीच्या बँडमधली नोकरी संपवून ते साताऱ्यातल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवू लागले होते. डबा म्हणजे त्यांचा प्रीअँप, गिटारचा क्षीण आवाज मोठ्या अँप्लिफायरला पुरेल इतका वाढवून देणारा. तो मीच ट्रान्झिस्टर जोडून केला होता. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावानं बोटं मोडायची सोय नव्हती.

पहिल्या खेपेला गिटार दबतंय म्हणाले, म्हणून मी एक कंडेन्सर जोडून गेन, म्हणजे डब्याची आवाज वाढवायची ताकद, वाढवला. दुसऱ्या खेपेला म्हणाले, आता ते किरकिरतंय. मला तर ते घोंगडीत गुंडाळल्यासारखं ऐकू येत होतं. मी ट्रेबलचा, म्हणजे वरच्या बारीक सुरांचा, कंडेन्सर बदलून आवाज आणखी उघडा केला. आता म्हणत होते, कानात सुई घुसती. मी मनात म्हटलं, पलटणीत ढोल-ताशांशेजारी उभं राहून या माणसाचे कान गेलेत.

"आवं दाजी, ऐका की नीट. कुठं किरकिरतंय?"

"पाव्हणं, मालकानं सांगितलंय," ते खाली बघत म्हणाले. "साताऱ्याच्या कार्यक्रमात असंच वाजलं तर माज्या जागी अ‍ॅकॉर्डियनवाला घेनार. गिटार सुटलं तर घरात बसून मी करू काय?"

पलटणीतल्यासारखा ताठ चालणारा माणूस, पण हे बोलताना वाकल्यासारखा दिसला. मला त्यांची दया आली आणि रागही आला, कारण आता डब्याला हात लावण्यावाचून इलाज नव्हता. आमच्या दोघांच्या भांडणात तिसरं कुणी हवं म्हणून मी त्यांना घेऊन मिरजेला गेलो. तिथं तंबोरे करणारे एक म्हातारे कारागीर माझ्या ओळखीचे होते, त्यांचा रेडिओ माझ्याकडेच यायचा. तारेखालची घोडी घासून घासून तंबोऱ्याचा आवाज खुलवायचा, हेच काम त्यांनी जन्मभर केलं होतं.

मी डबा आणि लहान स्पीकर जोडला. दाजींनी दोन-चार सूर छेडले. म्हाताऱ्यांनी हातातली कानस खाली ठेवली.

"आधी ती शीळ बंद करा," ते म्हणाले.

"कसली शीळ?"

त्यांनी दाजींना तारांवरून हात काढायला सांगितला. "आता बी वाजतीया." दाजींनी मान डोलावली. मी स्पीकरला कान लावला. काही नव्हतं. दुसरा कान लावला. दोघंही माझ्याकडे बघत होते, आणि म्हाताऱ्यांच्या नजरेत जे होतं ते मला आवडलं नाही.

दुकानाच्या जोडीला मी लग्नकार्यात लाउडस्पीकर लावत असे. आमच्याकडं कर्णा बांधायचा तो मांडवाच्या खांबालाच, आणि अँप्लिफायर घेऊन माणूस बसायचा त्याच खांबाच्या बुडाशी. वायर वाचायची, कर्ण्यावर लक्ष राहायचं. असे किती मोसम मी कर्ण्याखाली बसून जेवलो आणि डुलक्याही काढल्या, याचा हिशेब नाही. बारीक आवाज त्यात कधी निघून गेले, मला कळलंही नाही. मला ऐकू येईना म्हणून मी दाजींच्या गिटारचा ट्रेबल वाढवत गेलो होतो. कान त्यांचे गेले नव्हते.

मला फार लाज वाटली. पण कार्यक्रम तोंडावर आला होता. तिथंच माझ्या पेटीतून डाग द्यायचा सोल्डरिंगचा दांडा काढून मी तो इस्त्री तापवावी तसा तापवत बसलो. गेन वाढवणारा कंडेन्सर काढला. मग ती शीळ मरावी म्हणून एकेक लहान कंडेन्सर लावून पाहू लागलो. मी लावायचा आणि म्हाताऱ्यांच्या तोंडाकडं बघायचं. ते बोटानं खुणावत, अजून, अजून, थांबा. ट्रेबलचंही तसंच. सबंध दिवस मी दुसऱ्याच्या कानांनी काम केलं. असा थकवा मला पूर्वी कधी आला नव्हता.

साताऱ्यातला कार्यक्रम दुपारी एका सभागृहात होता. दाजींनी एक संथ चाल एकट्यानं वाजवली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे मिटले, मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. मालक पडद्याआडून हसत होता. दाजींची जागा राहिली, हे मला लोकांच्या चेहऱ्यांवरून समजलं. मला सूर ऐकू येत होते, पण डोळे मिटावेत असं त्यात काय होतं ते येत नव्हतं.

खेळ संपल्यावर दाजी घामाघूम होऊन बाहेर आले. त्यांचा चेहरा फुलला होता.

"कसा वाटला टोन?"

"लय ग्वाड, दाजी," मी म्हणालो.

ते जवळ येऊन माझ्या कानाशी वाकले आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणाले, "च्या… घेनार… का?"

मी मान डोलावली.