भागतंय म्हणणाऱ्या बाई

आमच्या ऑफिसात आल्या की बाई आधी भिंतीवरच्या बटणांकडे जायच्या. नमस्कार नंतर. ज्या टेबलाशी माणूस नसेल त्याच्यावरचा पंखा बंद करायच्या आणि मग खुर्ची ओढून बसायच्या.

"माणूस न्हाई तिथं वारा कशाला, भाऊसाहेब?"

पंचायत समितीच्या शिक्षण विभागात मी लिपिक. आमच्याकडे लिपिकाला भाऊसाहेब म्हणायची रीत आहे, त्यात भावाचं काही नसतं. बाई म्हणायच्या तेव्हा असायचं. ते मला फार उशिरा उमगलं.

बाई म्हणजे देवणी तालुक्याच्या टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका. मूळच्या मुदखेडच्या. आम्ही 'व्हय' म्हणतो तिथं त्या 'हाव' म्हणायच्या. आमचा शिपाई ते ऐकायला मुद्दाम प्रश्न विचारायचा.

"एसटीनं आलात बाई?"

"हाव."

"जागा मिळाली?"

"हाव."

"बसून आलात मग?"

"न्हाई रे बाबा. उभं राह्यची जागा मिळाली."

शिपाई हसायचा, त्याच्याआधी बाई हसायच्या.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला काहीही विचारा, उत्तर एकच. बाईंचं उत्तर होतं, "भागतंय की." शाळा कशी चाललीय? भागतंय की. गुडघा काय म्हणतो? भागतंय की. आपण असं उत्तर ऐकतो आणि सुटल्यासारखं पुढच्या कागदाकडे वळतो. कसं भागतंय, हे विचारायची तसदी घेत नाही. मी तर नाहीच घेतली.

खडू, झाडू, वीजबिल, फुटलेली कौलं यांच्यासाठी शाळांना वर्षाला थोडं अनुदान मिळतं. सादिल म्हणतात त्याला. जिल्हा परिषदेनं त्याला कात्री लावली. पहिल्या वर्षी निम्मं केलं, पुढच्या वर्षी त्याच्याही निम्मं. मुख्याध्यापक येऊन भांडायचे. एका गुरुजींनी तर रिकामा खडूचा डबा माझ्या टेबलावर उपडा केला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, ह्यातली धूळ आता तुम्हीच फळ्यावर लावा."

बाई भांडल्या नाहीत. त्यांच्या शाळेत एक बोअर होतं. त्याची मोटार चालली तर मुलींच्या संडासाला पाणी. बाकी सगळं इकडचं तिकडं झालं तरी चालेल, हे पाणी बंद पडू द्यायचं नाही, एवढा एकच हट्ट त्यांनी धरलेला.

"गणित कच्चं राह्यलं तर पुढं पक्कं होतंय, भाऊसाहेब. पण सहावी-सातवीची पोरगी दुपारच्या सुट्टीत घरी गेली की परत येत न्हाई. आधी दुपारची येत न्हाई. मग सकाळचीबी येत न्हाई."

गावात कन्नड बोलणारी घरं बरीच. मोटार लावली की पोरी ओरडायच्या, "नीर बंतु! नीर बंतु!" म्हणजे पाणी आलं. पन्नाशी ओलांडलेल्या बाई आमच्या ऑफिसात दोन्ही हात वर करून त्याची नक्कल करायच्या. पलीकडच्या टेबलावरचे लोक मान वर करून बघायचे.

अनुदान आटल्यावर विजेचं बिल बाई पगारातून भरू लागल्या. हे मला माहीत होतं. माहीत असणं हे काही मोठं काम नसतं.

त्याच सुमारास वरून फर्मान आलं, शाळांनी लोकसहभाग वाढवावा. गावानं काय दिलं, त्याचा तक्ता दरमहा पाठवायचा. साहेबांना तक्त्यात रिकामा रकाना खपत नसे. मी सगळ्यांना सांगत सुटलो, काहीतरी भरा. निम्म्यांनी माझं ऐकलं नाही. बाईंनी विचारलं, "गावानं तर काही दिलं न्हाई. काय लिहू?"

"वीजबिल कोण भरतं?"

"मी."

"मग झालं की. तेच लिहा लोकसहभागात."

"मी एकटी म्हणजे लोक का?" त्या हसल्या, आणि माझ्यासमोर बसून लिहिलं. त्या खोटं लिहिणाऱ्या नव्हत्या. भाऊसाहेब सांगतात म्हणून लिहिलं. तीन वर्षं लिहिलं.

चौथ्या वर्षी राज्य शासनाचं पत्र आलं. जिल्हा परिषदेनं कापलेलं अनुदान राज्य भरून देणार. अट एकच, ज्या शाळांची तूट दुसऱ्या कोणत्याही मार्गानं भरून निघालेली नाही, त्यांनाच. यादी मी केली. माझ्याच तक्त्यावरून केली. ज्यांनी रकाना रिकामा ठेवला होता ते सगळे यादीत आले, खडूचा डबा उपडा करणारे गुरुजीसुद्धा. बाईंची शाळा आली नाही. कागदावर त्यांचं भागत होतं.

त्या अर्ज घेऊन आल्या. सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, की लोकसहभाग म्हणून दाखवलेली रक्कम माझी स्वतःची आहे, गावाकडून काही आलेलं नाही, तरी शाळेचं नाव घ्यावं. मागं वीजबिलाच्या पावत्या टाचलेल्या.

"पोच देऊ का बाई?"

"तुम्ही हायत की. पोच कशाला?"

मी त्या अर्जावर आवक शिक्का मारला नाही. शिक्का मारला नाही तर कागद ऑफिसात आलेलाच नसतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. यादी दुरुस्त करायला दोन दिवस होते. पण दुरुस्त करायची तर साहेबांना सांगावं लागणार, की रकाने भरायला मीच सांगितलं. चौकशी लागली असती. माझ्या बढतीची फाईल साहेबांच्याच टेबलावर होती. मुलगी लातूरला क्लासला होती, तिचं ते शेवटचं वर्ष. ही कारणं खरी आहेत. पण दोन दिवस मी ड्रॉवर उघडला नाही, हेही खरं आहे.

तिसऱ्या दिवशी यादी गेली. बाईंचा फोन आला. मी म्हणालो, "पाठवलं होतं बाई. वरूनच मंजूर झालं नाही."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "भागवू."

आणखी एक वर्ष त्यांनी भागवलं आणि निवृत्त झाल्या. निरोप समारंभाचं बोलावणं मला होतं. मी गेलो नाही. तोवर मला बढती मिळाली होती.

त्यांच्या जागी आलेले सर व्यवहारी निघाले. खिशातून कशाला भरायचं, म्हणाले, आणि त्यांचंही काही चुकलं नाही. बिल थकलं, मीटर काढून नेलं, मोटार बंद. पुढच्या यादीत मी त्या शाळेचं नाव एक नंबरला घातलं. मंजूर झालं. पैसे आले, मीटर आलं.

ते सांगायला मी मुदखेडला गेलो. बाईंचा मुलगा तिथं रेल्वेत होता. अर्ज खिशात घेतला होता, ड्रॉवरमधला, पावत्यांसकट. बाई खाटेवर बसलेल्या, आजारानं निम्म्या झालेल्या. त्यांच्या हाताशी बटणांचा बोर्ड होता.

मी अर्ज त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून स्वतःचाच अर्ज वाचला, घडी घातली.

"मला ठाऊक हाय, भाऊसाहेब. वरून नामंजूर झालं असतं तर कागद परत आला असता. त्या साली तुमच्या लेकीची बारावी होती. तुम्हाला चौकशी झेपली नसती." मग सुनेला हाक मारली, "चहा टाक गं, आमच्या ऑफिसातले भाऊ आलेत."

रागावल्या असत्या तर मी हलका होऊन उठलो असतो.

चहा पिताना त्यांनी विचारलं, "मोटार किती महिने बंद होती?"

"सात."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सातवीच्या पोरी?"

ते मला माहीत होतं. पट माझ्याच हातून जातो. "दोन कमी झाल्या."

"कोण?"

मी आकडा घेऊन गेलो होतो. नावं घेऊन गेलो नव्हतो.

"बघा जरा," बाई म्हणाल्या. "कोण ते कळवा मला. मी बोलते त्यांच्या आयांशी. माझं ऐकतात त्या."

परत आलो तेव्हा मार्चअखेर तोंडावर होती. आज जाऊ, उद्या जाऊ करत महिना गेला. नोकरीच्या बावीस वर्षांत मी त्या शाळेत कधी पाऊल ठेवलं नव्हतं, हे त्या गावात उतरल्यावर लक्षात आलं. सरांनी मोटार लावून दाखवली. नळाला पाणी आलं, पण कुणी ओरडलं नाही. पोरींची सवय मोडली असावी. रेखा आणि सावित्री, अशी ती दोन नावं. रेखा मामाकडे, हद्दीपलीकडं भालकीला गेलेली, परत यायची नाही. सावित्री घरी भाकरी थापत होती. तिच्या आईला मी म्हणालो, "शाळेत पाणी आलंय. बाईंनी विचारलंय." आई म्हणाली, "कुटल्या बाईनं? आमच्या बाईनं?" आणि पदराला हात पुसत बाहेर आली. दुसऱ्या दिवसापासून सावित्री शाळेत जायला लागली.

हे फोनवर सांगता आलं असतं. मला समोर बसून सांगायचं होतं. रविवारी मुदखेडला गेलो, तर बाईंना जाऊन चार दिवस झाले होते. मुलगा म्हणाला, "आई रोज विचारायची, देवणीहून फोन आला का."

आत खाट रिकामी होती आणि तिच्यावर पंखा फिरत होता. मी उठून बंद केला. मग त्या खाटेशी बसलो, आणि दोन्ही नावं हळू आवाजात सांगितली. आधी रेखाचं. मग सावित्रीचं.