घरचा पंच

अक्काचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, ज्या मेडिकलमध्ये गेली सत्तावीस वर्षं नोकरी करतो त्याच्या काउंटरवर उभा होतो आणि साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी उलटी करून एका गिऱ्हाइकाला तारीख दाखवत होतो. ही सवय मला दाजींनी लावलेली. "बाळू, तुझे दाजी जेवून आडवे झाले ते उठंनातच," अक्का म्हणाली. मी म्हणालो, डॉक्टरला बोलाव. "येऊन गेले..." एवढंच ती बोलली. समोरचा माणूस विचारत होता, तारीख नीट आहे ना? मी म्हणालो, नीट आहे, अजून वर्षभर चालेल. त्याच्या हातात डबी दिली आणि उदगीरची गाडी धरली.

त्याला आता सहा आठवडे झाले. मधुकर दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कमलअक्काचे यजमान. उदगीरच्या एका शाळेत ते पी.टी.चे मास्तर होते, पण गावाला ते माहीत होते कबड्डीच्या माईकमुळे. पंचक्रोशीत कुठंही सामने असोत, टेबलामागं शिट्टी गळ्यात घालून दाजी बसलेले. "मंडळी, गडी रेषेपार गेलाय, दम टिकतोय का बघा..." असं ते सुरू झाले की आंधळ्यालाही सामना दिसावा. दोन्ही संघ रडतखडत खेळत असले तरी दाजींच्या तोंडून ती लढाई व्हायची. निवृत्त झाल्यावर सामने कमी झाले, माईक घरी आला आणि मग घरात जे काही घडेल त्याचं समालोचन सुरू झालं. दूध उतू जाण्याचंसुद्धा. अक्का वैतागायची, पण दूध उतू जातंय हे तिला त्यामुळेच कळायचं.

साठीच्या आसपास त्यांना साखर निघाली. "नावातच मध, रक्तात न्हाई येणार तर काय," असं स्वतःच म्हणून ते मोकळे झाले. मी त्यांना मशीन नेऊन दिलं. मला वाटलं होतं, ते आठवडाभर तपासतील आणि मशीन कपाटात जाईल. झालं उलटंच. पहिल्याच सकाळी त्यांनी पट्टी मशीनमध्ये सरकवली, सुई हातात घेतली आणि वाटीचा माईक करून सुरू झाले, "मंडळी, बोट पुढं आलंय. थेंब निघालाय. गडी रेषेवर... पाच, चार, तीन..." मशीनला आकडा दाखवायला पाच सेकंद लागायचे. तेवढ्यात सगळ्यांनी आपापला अंदाज सांगायचा असा त्यांनी नियम केला. ज्याचा आकडा जवळ येईल त्याला चहाचा पहिला कप. मी उदगीरला गेलो की सकाळी त्या टेबलाभोवती अशी गर्दी व्हायची की विचारू नका. शेजारचे दोघं-तिघं अंघोळ अर्धी टाकून यायचे. दूधवाला अंदाज सांगून मगच दूध मोजायचा. माझा अंदाज कधी जवळ आला नाही. दाजी म्हणायचे, "मेडिकलात इतकी वर्षं काढलीस बालाजी, आन् साखर ओळखता येईना तुला."

रोज तपासायचं तर पट्ट्या लागणार. आमच्या दुकानात मुदत संपलेला माल एका खोक्यात बाजूला पडायचा. त्यातल्या वेष्टन फाटलेल्या डब्या कंपनीकडे परत जायच्या नाहीत, कचऱ्यात जायच्या. टाकून देताना जीव तुटायचा. एकदा त्यातल्या चार डब्या मी पिशवीत घातल्या आणि उदगीरला नेल्या. दाजींनी विचारलं, हे बरोबर हाय ना? मी काय म्हणालो ते मला आजही शब्दशः आठवतं. म्हणालो, "माल खपावा म्हणून टाकतात हो तारीख. पट्टीला काय कळतंय कोणता महिना चालूय?" हे मी बोललो. औषधांच्या धंद्यात केस पांढरे झालेला माणूस.

त्या पट्ट्यांनी मात्र घरात आनंदीआनंद केला. आकडे एकदम गुणी झाले. एकशे वीस, एकशे तीस. मधूनच कधी तीनशे दाखवलं तर दाजी म्हणायचे, "जुनी पट्टी हाय, चुकली असंल," आणि दुसरी लावायचे. दुसरीनं एकशे पंचवीस दाखवलं की, "बघा, आता बरोबर बोलली." डबीचं झाकण उघडंच असायचं, खिडकीत, ऊन येईल तिथं, म्हणजे पट्टी पटकन हाताला लागावी. त्याच दिवसांत त्यांनी शिकवलेल्या मुलींचा संघ जिल्ह्याला पहिला आला. सत्कार झाला, जिलेबी झाली, नवे बूट मिळाले. सकाळी पट्टीनं एकशे चोवीस सांगितलं होतं, म्हणून जिलेबी दोनदा झाली. नवे बूट घालून दाजी दिवसभर मैदानावर मिरवले आणि उजव्या पायाच्या करंगळीला फोड आला.

फोड फुटला, चिघळला. दाजी म्हणायचे, साखर ताब्यात हाय, वाळून जाईल. पंधरा दिवस ते रोज एकशे तीस बघत राहिले आणि हळद लावत राहिले. मग अक्कानं मला फोन केला, "बाळू, बोटाला वास येलालाय. मास्तर आयकंनात. पाणी तर घागरीनं पेलालेत." मी गेलो. बोटावरची चिंधी सोडली तर करंगळी काळी पडलेली. लातूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीण बाईंनी फक्त एवढं विचारलं, "घरी तपासता म्हणता, मग हे दिसलं कसं नाही?" पाय वाचेल की नाही, दोन दिवसांत सांगते म्हणाल्या. कबड्डीच्या मास्तराचा पाय. अक्का बाकावर बसून राहिली. मी तिच्या शेजारी बसलो, पण तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी मी दाजींच्या कॉटजवळ गेलो आणि सांगून टाकलं. म्हणालो, दाजी, माझ्यामुळं झालं हे. त्या पट्ट्या मी आणल्या. ते म्हणाले, "तुझ्याकडं नवी डबी हाय का?" होती, येताना आणलेली. "जुनी?" तीही अक्काच्या पिशवीत होती. "मग लाव की सामना." मला वाटलं, तापात बडबडताहेत. पण त्यांनी सिस्टरला थांबवून घेतलं, ती रक्त घ्यायला आलीच होती. एकाच बोटाचे थेंब, एक जुन्या पट्टीवर, एक नव्या पट्टीवर, आणि नळीतलं रक्त प्रयोगशाळेला. घसा कोरडा पडलेला असतानाही त्यांचं सुरू झालं, "मंडळी... बोट पुढं आलंय... डावीकडं आपला जुना गडी, उजवीकडं नवा..." शेजारच्या कॉटवरचा म्हातारा उठून बसला. सिस्टर हसायला लागली. जुन्या पट्टीनं सांगितलं एकशे एकेचाळीस. नव्या पट्टीनं सांगितलं तीनशे शहाऐंशी. थोड्या वेळानं प्रयोगशाळेचा कागद आला, तीनशे एक्क्याण्णव.

दाजींनी जुनी डबी हातात घेतली, उलटी केली, डोळ्यांजवळ नेली. "बालाजी, ही तारीख मीबी वाचली होती. पहिल्याच दिवशी." मी म्हणालो, मग वापरलीत कशाला? ते म्हणाले, "आपल्या बाजूनं निकाल देत होती की. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सामन्यात पंच बाहेरचाच पाहिजे म्हणून भांडलो... आन् स्वतःच्या सामन्याला घरचा पंच ठेवला." मग माझा हात धरला. "तू आणली, हे खरं हाय. तुला सोडणार न्हाई मी. पण सगळी चूक तूच घेऊ नको, माझी माझ्याकडं राहू दे." मी त्या दिवशी रडलो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पाय वाचला, करंगळी गेली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "आपला एक गडी बाद. नऊ गड्यांवर सामना चालू." आणि खरोखर चालू झाला. त्यानंतर दाजी सात वर्षं जगले, आणि काय जगले. मला सोडणार नाही म्हणाले होते, ते खरं केलं. गावात ज्याच्या घरी मशीन असेल त्याच्या घरी जाऊन ते डबी उलटी करायचे. सामन्याच्या मध्यंतराला माईकवरून सांगायचे, "मंडळी, पाणी प्या, आन् घरी जाऊन पट्टीची तारीख बघा. आमचे मेहुणे बालाजीराव नांदेडहून खास आलेत, त्यांना इच्यारा जुन्या पट्टीनं काय होतं." दोन-तीनशे माणसांसमोर मला उभं राहावं लागायचं. पहिल्यांदा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी स्वतःच माईक मागून घेतला. माहूरला, हिमायतनगरला, कुठं कुठं आम्ही दोघं बोलत फिरलो. इतकी मजा मला उभ्या आयुष्यात आली नव्हती. आमच्या दुकानातलं मुदतीबाहेरचं खोकं मी तेव्हापासून स्वतःच्या हातानं नासवून टाकतो.

घरी सकाळचा खेळही सुरू राहिला, पण नव्या शिस्तीनं. हात धुऊन, पुसून. झाकण लगेच बंद. नवी डबी फोडली की दाजी झाकणावर बारीक पेनानं दोन तारखा लिहायचे, कधी उघडली आणि कधीपर्यंत चालेल. त्यांचं अक्षर फळ्यावरच्या गुणफलकासारखं, एकेक आकडा सुटा. आकडा वाईट आला तर आता दुसरी पट्टी मिळायची नाही. "पंचाचा निर्णय," असं म्हणून ते बुटाच्या नाड्या बांधायचे आणि चालायला जायचे. अक्का एवढ्या वर्षांत अंदाज सांगायची, कप जिंकायची, पण स्वतःचं बोट तिनं कधी पुढं केलं नाही. "मला काय झालंय," म्हणायची.

परवा मी उदगीरला गेलो होतो. टेबल तिथंच आहे. माईक, शिट्टी, मशीन आणि शेवटची डबी, दाजींनी जशी ठेवली होती तशी. सकाळी चहाला बसलो आणि दोघंही त्या मशीनकडं बघत होतो. अक्का एकदम उठली, साबणानं हात धुऊन आली आणि पदराला पुसत म्हणाली, "बाळू, त्या पट्ट्या वाया कशाला घालवायच्या? लाव बघू मला." मी पट्टी सरकवली, सुई टोचली. थेंब आला. समालोचनाला कोणी नव्हतं. मग अक्काच हळूच म्हणाली, "मंडळी... बोट पुढं आलंय." तिला पुढचं येईना. मी म्हणालो, एकशे तीस. ती म्हणाली, एकशे दहा. पाच सेकंद झाले.

दोनशे अडुसष्ट.

अक्कानं मशीन हातात घेतलं, हलवून बघितलं. "पट्टी जुनी असंल," ती म्हणाली.

मी डबी तिच्यापुढं ठेवली. झाकणावर दाजींच्या अक्षरात तारीख होती, एकेक आकडा सुटा. डबीची मुदत संपायला अजून अकरा दिवस बाकी होते. अक्का ती तारीख बराच वेळ बघत राहिली... मग झाकण घट्ट लावलं, म्हणाली, "पंचाचा निर्णय," आणि लातूरला जायची साडी काढायला आत गेली.